एक टाळी आधी

चंदीगडला लागून असलेल्या पंचकुल्यात मी ज्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहत होते, त्या काकू प्रत्येक गोष्टीला दहापैकी मार्क देत. माझ्या पहिल्या चहाला चार मिळाले. "रंग ठीक आहे. आलं नुसतं दाखवलंयस." समोरच्या अंकलजींच्या गाडी लावण्याला कायम तीन. जानेवारीतल्या एका सकाळच्या धुक्याला त्यांनी नऊ दिले होते, कारण अंकलजींनी घराला नुकताच दिलेला पोपटी रंग त्या दिवशी अजिबात दिसत नव्हता. दहा मात्र कुणालाच नाहीत. "दहा दिले की पोरं अभ्यास सोडतात," त्या म्हणायच्या. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती आणि घरात एकही पोर नव्हतं, तरी.

त्या गणिताच्या शिक्षिका होत्या. माहेर सांगलीचं. यजमान हवाई दलात, त्यामुळे आयुष्यभर बदल्या झाल्या आणि शेवटची बदली इथे झाली म्हणून इथेच घर बांधलं. यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांचं नाव त्यांनी माझ्यासमोर कधी घेतलं नाही. "ह्यांना वांगं आवडायचं नाही," "ह्यांनी हा आंबा लावला, येणार नाही म्हणून सांगितलं होतं मी," असं "हे" चालायचं. आंबा खरंच आला नव्हता. त्याला काकूंनी शून्य दिले होते, पण पाणी रोज घालायला लावत. माळीदादा बिहारचे. काकू त्यांच्याशी फक्त मराठीत बोलत. ते हिंदीत उत्तर देत आणि दोघांचं कधी काही अडलं नाही.

पर्समध्ये हिरवं पेन असे. लाल नाही, "लाल बघून मुलं घाबरतात". त्या पेनाने त्यांनी कोपऱ्यावरच्या ढाब्याच्या मेनूकार्डातल्या बेरजा दुरुस्त केल्या होत्या. लग्नपत्रिका दुरुस्त करून शेल्फावर उभ्या करून ठेवत. मला बोलण्यापेक्षा चिठ्ठी लिहिणं सोपं वाटतं. माझी शाळा इंग्रजी, आयटी पार्कातल्या ऑफिसात मीटिंगला मी माइक बंद ठेवून बसणारी, आणि मराठी घरात कानावर पडलेलं तेवढंच. तर मी जिन्याच्या दारावर चिकटवलेली "गिझर चालत नाही, वेळ असेल तर बघाल का" ही चिठ्ठी संध्याकाळी मला परत मिळाली. खाली हिरव्या शाईत लिहिलं होतं: "७/१०. अक्षर सुंदर. पण गिझर तोंडाने सांगितला असता तर दुपारीच झाला असता."

आमची ओळखच मुळी एका भांडणातून झाली. चंदीगडमध्ये मराठी माणसं थोडी. लष्करातली, हवाई दलातली कुटुंबं, कॉलेजांतली नि क्लासांतली मुलं, आणि माझ्यासारखे नोकरीवाले. वर्षातून एकदा गणपतीला सगळे एका हॉलमध्ये जमतात. मी नवीन होते, आईने फोनवर बजावलं म्हणून गेले होते. आरती सुरू झाली की लोक टाळ्या वाजवू लागतात, आणि मला टाळ्या वाजवता येत नाहीत. म्हणजे हात आहेत. पण चारचौघांत दोन हात समोर आणून आवाज करायचा या कल्पनेनेच माझे खांदे आखडतात. अशा वेळी मी हातात धरायला काहीतरी शोधते. त्या दिवशी कोपऱ्यात फुलांचं तबक दिसलं. मी ते उचलायला आणि एका उंच, पांढऱ्या केसांच्या, शाल घेतलेल्या बाईंनी त्याची दुसरी कड धरायला एकच गाठ पडली.

"सोड," त्या म्हणाल्या.

"मी धरते ना, काकू."

"दर वर्षी मी धरते. तुला कशाला हवंय?"

मी खरं सांगून टाकलं. एवढ्या गोंगाटात खोटं सुचलं नाही. "मला टाळ्या वाजवायला नको वाटतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग तबक दोघींच्या मध्ये धरलं, एक कड त्यांच्या हातात, एक माझ्या. पाचही आरत्या आम्ही दोघी ते तबक धरून उभ्या होतो, जणू ते फार जड होतं. प्रसाद घेताना त्यांनी विचारलं, "राहतेस कुठे?" पुढच्या रविवारी मी बॅगा घेऊन त्यांच्याकडे आले.

त्यानंतर मी लक्ष ठेवू लागले. काकू खरंच कधी टाळी वाजवत नसत. वाढदिवसाच्या केकच्या वेळी त्यांच्या हातात सुरी असे. शाळेच्या निरोप समारंभाला बोलावलं तेव्हा मुलांच्या भाषणानंतर त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली आणि मोठ्याने "आठ!" म्हणाल्या. मला वाटलं, आपल्यासारखंच असेल. पण लाजणारा माणूस ढाब्याच्या मेनूकार्डावर हिरवं पेन चालवत नाही.

कारण कळलं ते फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी. त्या काळात एक गाणं सगळीकडे वाजत होतं. मोहालीतल्या तीन मुलांचा, नाचाची गाणी बनवणारा एक ग्रुप, त्यांनी कुठल्या तरी जुन्या रेकॉर्डवरच्या फंक गाण्याचा तुकडा उचलून त्याच्याभोवती नवीन गाणं बांधलं होतं. फंक म्हणजे ज्यात गाणाऱ्यापेक्षा बास गिटारच जास्त बोलते आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते, ते. त्या गाण्यात एक जागा होती. सगळी वाद्यं एकदम थांबायची, एक टाळी एकटीच पडायची, मग क्षणभर काही नाही, आणि मग बाकीच्या टाळ्या एकत्र. टप्प. आणि मग टप्प-टप्प-टप्प. ऑफिसच्या लिफ्टमध्ये लोक ते करत. पहिली टाळी एकाने वाजवायची, बाकीच्यांनी पाठोपाठ. मी लिफ्टमध्ये लॅपटॉप छातीशी धरून उभी राहत असे.

समोरचे अंकलजी गाडी धूत होते आणि गाडीतच ते गाणं लावलं होतं. त्यांची चार वर्षांची नात बादलीभोवती नाचत होती. आम्ही गच्चीत मेथी निवडत होतो. ती जागा आली. टप्प. काकूंच्या हातातली जुडी खाली पडली.

"अंकलजी!" त्या कठड्यावरून ओरडल्या. "वो फिर से लगाओ!"

"मॅडमजी, आवाज कम कर देता हूँ..."

"कम नहीं! फिर से!"

अंकलजींनी पुन्हा लावलं. काकू ताठ उभ्या राहून ऐकत होत्या. नात नाचली, टाळी पडली, आणि काकू सावकाश खाली मेथीच्या काड्यांत बसल्या.

"ही मी आहे," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"ती पहिली टाळी. मी आहे ती. अगं, ती चूक आहे."

मग मला सगळी हकीकत कळली. लग्न होऊन दोन महिने झाले होते. यजमान तेव्हा तरुण अधिकारी, हवाई दलाच्या मेसमध्ये पार्ट्यांना बास गिटार वाजवायचे. त्यांचे जिवलग मित्र एक सरदारजी, ते गिटार वाजवायचे आणि गायचे. आणखी दोघे होते. चौघांनी सुट्टी काढून दिल्लीला जाऊन स्वतःचं एक गाणं रेकॉर्ड केलं. नवी नवरी बरोबर होती. टाळ्यांना माणसं कमी पडली तेव्हा तिलाही माइकसमोर उभं केलं.

"आता मला सांग," काकू म्हणाल्या, "सांगलीच्या मुलीने जन्मभर टाळी कुठे वाजवली? आरतीत. आरतीत टाळी कुठे पडते? जिथे जोर आहे तिथे. त्यांच्या गाण्यात ती जोरावर नको होती, त्याच्या पाठोपाठ हवी होती. मला सांगितलं होतं तसं. वाद्यं थांबली आणि माझे हात आपोआप आरतीवर गेले. सगळ्यांच्या आधी. एकटीची टाळी."

"मग परत नाही केलं रेकॉर्डिंग?"

"मला चहा सांगायला बाहेर पाठवलं. परत आले तर हे म्हणाले, वेळ संपली, आहे तेच छापणार."

रेकॉर्ड निघाली. मित्रांनी आणि नातेवाइकांनी घेतली, तेवढीच. पुढे कुणी ऐकली नाही. आणि त्यानंतर प्रत्येक मेसमध्ये, प्रत्येक नव्या बदलीच्या गावी, पार्टी रंगली की यजमान ग्लास वर करून म्हणायचे, "हमारा रेकॉर्ड क्यों नहीं चला? मेरी बीवी से पूछो!" आणि टेबलावर हात आपटून ती एकटी टाळी वाजवून दाखवायचे. सगळे हसायचे. काकूही हसायच्या. हात शालीत.

"चिडायच्या नाहीत तुम्ही?"

"चेष्टेवर चिडणाऱ्याला किती मार्क?" त्या म्हणाल्या. मग मेथी गोळा करत, माझ्याकडे न बघता, "पण त्यांचं स्वप्न होतं गं ते. चार जणांचं. आणि ते बुडालं माझ्यामुळे. ते चेष्टा करायचे, पण मला गणित येतं की."

तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या दारावर मला चिठ्ठी मिळाली, हिरव्या शाईत: "त्या मुलांचा पत्ता शोध. चूक सापडली की दुरुस्त करायची. उशीर झाला म्हणून चूक बरोबर होत नाही."

मला आधी वाटलं, त्या हक्क सांगायला जाणार. मग कळलं, त्या खरोखर दुरुस्ती करायला निघाल्या होत्या. सगळं गाव त्यांच्या चुकीवर नाचत होतं, आणि त्या बरोबर टाळी देऊन ती बदलून घेणार होत्या. इतक्या वर्षांनी का होईना, ह्यांचं गाणं नीट व्हायला हवं.

पत्ता चंदीगडच्या सेक्टर ३४ चा निघाला. शनिवारी मी स्कूटर काढली. मागे बसून त्यांनी वाटेतल्या प्रत्येक चौकात प्रत्येक गाडीला मार्क दिले, मोठ्याने. एका बसवाल्याला "दोन!" ऐकू गेलं आणि त्याने मान बाहेर काढून "क्या दो, माताजी?" विचारलं. "इंडिकेटर दो!" काकू म्हणाल्या. त्याने दिला.

ग्रुपची खोली एका कोचिंग क्लासच्या वर, तिसऱ्या मजल्यावर होती. दार उघडलं तर दोन मुलं आणि एक आखूड केसांची मुलगी. शाल घेतलेल्या बाई पाहताच एकाने घाईघाईने आवाज बंद केला.

"आंटीजी, पक्का पाँच के बाद ही बजाते हैं! नीचे क्लास में पूछ लो!"

"मैं शिकायत करने नहीं आई," काकू म्हणाल्या. "मैं ग़लती सुधारने आई हूँ."

त्यांनी पर्समधून चौकटीच्या वहीचं पान काढलं. त्यावर गाण्याची ती जागा चौकोनांत आखलेली होती. तीन हिरव्या बरोबरच्या खुणा, एक फुली. पान टेबलावर ठेवून त्या वर्गात शिकवावं तसं समजावू लागल्या. मी दाराजवळ उभी होते आणि हातात धरायला हेल्मेट होतं, याबद्दल देवाचे आभार मानत होते. मुलं एकमेकांकडे बघत होती. फुलीपाशी काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "ये मैंने किया था."

आखूड केसांची मुलगी हळूच उठली. "एक मिनट. आप वो सांगलीवाली भाभी हो?"

काकूंनी फुलीवरचं बोट उचललं.

"मेरे नानू गिटार बजाते थे. कॅनडा गए तो ट्रंक यहीं छोड़ गए, उसी में से सब निकला. नानू अब सुन नहीं पाते ज़्यादा, पर फ़ोन पे गाना लगाओ तो वो ताली ठीक जगह पे बजाते हैं. कहते हैं, ये सांगलीवाली भाभी की है. बाप रे. ओए, ये वही हैं!"

मुलांनी खुर्ची पुसली, मुलगी पाया पडली, कुणीतरी चहा सांगायला पळालं. पण काकू चहाला आल्या नव्हत्या. "पहले काम," त्या म्हणाल्या.

माइक लावला. आणि मग मी ते पाहिलं. काकूंनी शाल काढून माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात समोर आणले. गाणं सुरू झालं, वाद्यं थांबली, आणि त्यांनी इतरांच्या बरोबरीने, अगदी जागेवर, तीन टाळ्या दिल्या. एकदाच. पहिल्याच वेळी. त्यांनी ते घरी किती वेळा बोटांवर मोजलं असेल, कुणास ठाऊक.

मुलांनी ते गाण्यात बसवून ऐकवलं. सगळं बरोबर होतं. वाद्यं थांबली, टाळ्या पडल्या, वाद्यं सुरू झाली. कुणाचीच मान हलली नाही.

"परफेक्ट है, आंटीजी," लॅपटॉपवरचा मुलगा म्हणाला आणि कान खाजवू लागला.

काकू प्रामाणिक होत्या. "सहा," त्या म्हणाल्या. मग, "पुराना वाला लगाओ." जुनी टाळी पडली, एकटी, आधी, आणि कोचिंगच्या जिन्यात कुणीतरी नकळत पाठच्या तीन वाजवल्या. काकूंनी ऐकलं ते. आठ म्हणतील असं मला वाटलं, पण त्यांनी मार्कच दिले नाहीत.

"आंटीजी, एक चीज़ सुनाऊँ?" मुलगी म्हणाली. "ट्रंक में पूरी टेप थी. उसमें सही ताली वाला भी है."

"दुसरं कसं असेल? वेळ संपली होती," काकू मराठीतच म्हणाल्या.

मुलीने टेपचा तो भाग लावला. तेच गाणं. वाद्यं थांबली, तीन टाळ्या नीट जागेवर पडल्या. गाणं संपलं. मग खुर्च्यांचा आवाज आणि एका तरुण माणसाचा पंजाबी वळणाचा आवाज: "ये वाला साफ़ है यार. यही रख लेते हैं."

आणि दुसरा आवाज, हसरा, मराठी वळणाचा: "पहला रख. वो ताली रहने दे."

"ग़लत है वो!"

"रहने दे. और उसको बोलना टाइम खतम हो गया था. नहीं तो बारह बार करती बैठेगी."

दार उघडल्याचा आवाज आला, आणि दुरून एका मुलीचा, अगदी कोवळा: "चहा सांगितलाय. साखर कमी."

टेप संपली.

मी काकूंकडे बघायला घाबरत होते. पण त्यांच्या तोंडून आलं ते हुंदक्यासारखं मुळीच नव्हतं. "चोर!" त्या ओरडल्या. "चाळीस वर्षं! चाळीस वर्षं प्रत्येक मेसमध्ये मला चिडवलं या माणसाने, आणि रेकॉर्ड ह्यानेच..." त्या हसू लागल्या. हसता हसता त्यांना उभं राहवेना, तेव्हा मुलांच्या मोठ्या स्पीकरवर बसल्या आणि डोळे पुसत माझ्याकडे हात केला. मी शाल दिली. "शून्य," त्या म्हणाल्या. "लिहून घे. ह्यांना शून्य. मी वर गेले की सांगणार आहे."

मग टेप पुन्हा लावायला लावली. पाच वेळा. पाचव्या वेळी "रहने दे"च्या आधीच त्या स्वतः म्हणाल्या, "रहने दे," आणि मान हलवली.

चौकटीचं पान मुलीने मागून घेतलं. परत येताना लाल दिव्याला एका गाडीत तेच गाणं लागलं होतं. वाद्यं थांबायच्या क्षणी माझ्या कानामागे, स्कूटरवर, एक खणखणीत टाळी वाजली. गाडीतली चार मुलं एकदम वळली आणि पुढच्या टाळ्या त्यांनी दिल्या. दिवा हिरवा झाला तरी आम्ही हललो नाही. मागून हॉर्न वाजू लागले. "ह्या हॉर्नला चार," काकू म्हणाल्या, "आता चल."

त्या वर्षीच्या गणपतीला मी लवकर जाऊन फुलांचं तबक ताब्यात घेतलं. काकूंची कड मोकळी ठेवून उभी राहिले. आरती सुरू झाली, काकू आल्या, त्यांनी तबक माझ्या हातातून काढून घेतलं, आणि शेजारच्या लष्करी गणवेशातल्या तरुणाच्या हातात दिलं.

"धरा हो जरा. आम्हाला काम आहे."

मग त्या टाळ्या वाजवू लागल्या. मोठ्याने, सगळ्यांच्या वर, शाल खांद्यावरून घसरत होती तरी. माझे हात रिकामे होते. दुपट्टा होता, त्याचं टोक धरलं. मग सोडलं. दोन्ही हात समोर आणले आणि वाजवली.

सगळ्यांच्या आधी पडली. एकटी. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी वळून पाहिलं. माझे कान तापले, हात तिथेच हवेत थांबले. काकूंनी टाळ्या न थांबवता मान माझ्याकडे वळवली. त्यांचा तो चेहरा मला माहीत होता, चूक सापडल्यावरचा. त्यांचा हात आता पर्सकडे जाईल असं वाटलं.

त्या वाकल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "राहू दे."